कित्ता

निरोप समारंभ असो नाहीतर दहावीच्या पोरांचा सत्कार, एक वाक्य हमखास येतं : 'थोरांचा कित्ता गिरवा.' टाळ्या पडतात आणि आपण चहाकडे वळतो. पण कित्ता म्हणजे नेमकं काय? ऑफिसात विचारून पाहिलं. एक जण म्हणाला 'आदर्श', दुसरी म्हणाली 'वही असेल काहीतरी'. दोघंही बरोबर!

तर मंडळी, शब्द मूळचा अरबी. 'कितआ' म्हणजे तुकडा. फारसी सुलेखनात उस्तादानं एका पानावर लिहिलेल्या नमुन्याला हे नाव होतं. शागीर्द तो समोर ठेवून हात बसवत. शाई, दौत, कलम, कागद.. लिहिण्याचं बरंचसं सामान आपल्याकडे त्याच वाटेनं आलं. आमच्या वऱ्हाडात तर १४९० पासून अचलपूरची इमादशाही होती, पुढे मोगल आणि निजाम. म्हणजे फारसी दप्तर शेकडो वर्षं उशाशी!

मराठीत कित्ता शाळेत स्थिरावला. पंतोजी वळणदार अक्षर काढून देत आणि पोरगं त्यावरूनच पुन्हा पुन्हा हात फिरवी. हे झालं गिरवणं. मोडी असेल तर आधी आडवी रेघ आखायची आणि बोरू शक्यतो न उचलता अक्षरं तिला लटकवत जायची. पण गिरवणं ही पहिली पायरी. मग कित्त्याखाली स्वतः लिहायचं, आणि एक दिवस कित्ता बाजूला ठेवायचा. जन्मभर गिरवतच राहिला तर त्याला अक्षर आलं असं कोण म्हणेल?

ह्याचा जवळचा नातेवाईक म्हणजे 'नक्कल'. तोही अरबीच, मूळ अर्थ इकडून तिकडे नेणं. आमचे आबाजी तहसीलमध्ये 'नक्कल काढाले' जायचे, तिथे नक्कल जशीच्या तशी असेल तरच तिला किंमत. माणसाची नक्कल केली की मात्र लोक हसतात. नकलेत हुबेहूबपणा महत्त्वाचा, कित्त्यात हात तयार होणं. आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर पहिलं कॉपी-पेस्ट, दुसरं चांगल्या माणसाचा कोड वाचून स्वतः लिहायला शिकणं.

आता आमच्या भातकुली तालुक्यातलं उदाहरण. पूर्णेकाठी ऋणमोचन नावाचं गाव आहे. पौषात तिथे रविवारी यात्रा भरते. १९०५ मध्ये घर सोडलेल्या डेबूजी जाणोरकरांनी, म्हणजे गाडगेबाबांनी, सुरुवातीच्या काळात इथे यात्रेकरूंची सेवा केली, पुढे घाट बांधवला. शाळेत न गेलेला हा माणूस. त्यांनी कधी कित्ता गिरवला नाही, आणि आज सगळा महाराष्ट्र त्यांचा कित्ता गिरवतो म्हणे!

गिरवतो काय? तर झाडू. २००० साली त्यांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं आणि कितीतरी गावं खरंच स्वच्छ झाली, हे मान्यच. पण बाबांच्या कीर्तनातला दुसरा धडा होता कर्जाचा. मामाची जमीन सावकाराच्या घशात जाताना त्यांनी तरुणपणी पाहिली होती. म्हणून ते घसा फोडून सांगायचे, कर्ज काढून सण करू नका, लग्नात उधळू नका, पोरांना शाळेत घाला. आणि गावाचं नाव काय, तर ऋणमोचन. कर्जातून सुटका!

आमच्याकडे आज काय दिसतं? सकाळी झाडू घेऊन फोटो, आणि संध्याकाळी पोरीच्या लग्नासाठी एकर विकायची बोलणी. शहरातले आपणही वेगळे नाही. स्टीव्ह जॉब्जचा काळा टर्टलनेक आपण उचलला, नको त्या गोष्टीला नाही म्हणणं तसंच राहिलं. लग्नाला पर्सनल लोन काढणारे तर माझ्याच टीममध्ये दोघं आहेत.

मला वाटतं शब्दातच उत्तर आहे. कित्ता म्हणजे तुकडा. अख्खा माणूस कोणाला गिरवता येत नाही, आणि बाबा तर कोणाला शिष्यही करून घेत नसत. प्रश्न एवढाच, की तुकडा कुठला निवडायचा. सोपा असतो तो झाडूचा, फोटोतही छान येतो. अवघड असतो तो बापाला 'लग्न साधंच करू' म्हणण्याचा.

पुढच्या मोसमात आमच्या घरी एक लग्न आहे. बोलणी सुरू झालीत. बघू, कुठला तुकडा गिरवतो ते.