स्नोशू थॉम्पसन : हिमाने बंद केलेला घाट आणि थकलेले वेतन

१/ सन १८५५. कॅलिफोर्नियात सोन्याच्या शोधात लोकांची रीघ लागून सहा-सात वर्षे लोटली होती. तरीही हिवाळा आला की सिएरा नेवाडा पर्वताच्या पूर्वेकडील वस्त्यांचा पश्चिमेशी असलेला संबंध तुटे. हा बंद घाट दोन लाकडी फळ्यांच्या बळावर ओलांडणाऱ्या टपालवाहकाचा हा इतिहास.

२/ या पर्वताची दहशत उगीच नव्हती. १८४६ साली थोड्या उत्तरेच्या खिंडीत डोनर तांडा अडकला. त्या वर्षी हिम लवकर पडले आणि ऑक्टोबर संपता संपता वाट बुजली. तांड्यातील ८७ जणांपैकी जवळजवळ निम्मे त्या हिवाळ्यात दगावले.

३/ मोसमाच्या आरंभीचे हिम फसवे असते. ते भुसभुशीत असते, दबून घट्ट झालेले नसते. खाली दगड, उन्मळलेले ओंडके आणि ओहोळ दडलेले असतात. माणूस मांडीपर्यंत रुततो. ओझ्याचे जनावर तर पोटापर्यंत. खेचरांच्या तांड्यांवर चालणारी वाहतूक म्हणूनच हिवाळ्यात ठप्प होई.

४/ या कोंडीवरचा उपाय दूरच्या नॉर्वेत, शेतकऱ्यांच्या घरोघरी होता. तेथील टेलेमार्क प्रांतात, टिन या डोंगराळ भागात, १८२७ साली योन टॉर्स्टाइनसन रुए जन्मला. दहाव्या वर्षी तो आईबरोबर अमेरिकेत आला आणि जॉन थॉम्पसन झाला. सोन्याच्या ओढीने १८५१ मध्ये तो कॅलिफोर्नियात पोहोचला.

५/ खाणीत हाती फारसे लागले नाही, म्हणून तो सॅक्रामेंटोच्या खोऱ्यात शेती करू लागला. डोंगरापलीकडे टपाल नेणारे कोणी मिळत नाही, ही बातमी त्याने १८५५ च्या अखेरीस वाचली. बालपणीची विद्या त्याला आठवली. त्याने ओक वृक्षाच्या लाकडाच्या सुमारे १० फूट लांब फळ्या तासल्या. जोडीचे वजन भरले २५ पौंड.

६/ जानेवारी १८५६ मध्ये तो प्लॅसरव्हिल गावातून निघाला. वाट पाइनच्या दाट रानांतून, खिंडी ओलांडून कार्सन खोऱ्यातील जेनोआपर्यंत जाई. अंतर सुमारे ९० मैल. जायला तीन दिवस, परतायला दोन. परतीच्या वाटेवर पश्चिमेचा लांब उतार त्याच्या मदतीला येई.

७/ त्याचे टोपणनाव मात्र दिशाभूल करते. ‘स्नोशू’ म्हणजे हिमावर चालण्याचे जाळीदार जोडे. ते घालून पाऊल उचलून टाकावे लागते. थॉम्पसन वापरत असे त्या स्की, म्हणजे घसरत नेणाऱ्या लांब फळ्या. त्या काळी कॅलिफोर्नियात त्यांना ‘नॉर्वेजियन स्नोशू’ म्हणत. वस्तू नवी, म्हणून नाव जुन्या वस्तूचे.

८/ स्कीचे शास्त्र साधे आहे. लांब फळीमुळे शरीराचा भार विस्तृत पृष्ठभागावर विभागला जातो, म्हणून पाय रुतत नाही. आणि उतारावर चालण्याचे श्रम वाचतात. थॉम्पसनच्या हाती एकच लांब काठी असे. इतर लोक उतारावर काठीवर रेलून वेग आवरत. तो ती आडवी धरून, दोरावर चालणाऱ्या डोंबाऱ्यासारखा तोल सांभाळी.

९/ पाठीवर ६० ते १०० पौंडांचे टपाल. म्हणून अंथरूण-पांघरूण नाही, बंदूकही नाही. शिदोरी म्हणजे सुकवलेले मांस आणि बिस्किटे. रात्री वाळलेले पाइनचे खोड पेटवायचे, फांद्यांच्या बिछान्यावर शेकोटीकडे पाय करून निजायचे. हा तपशील डॅन डी क्विल या पत्रकाराने त्याच्याच तोंडून ऐकून लिहून ठेवला आहे.

१०/ त्या थैलीत केवळ पत्रे नसत. औषधे, अवजारे, गृहोपयोगी वस्तूही असत. डिसेंबर १८५८ मध्ये जेनोआत ‘टेरिटोरियल एंटरप्राइज’ हे वृत्तपत्र निघाले. त्याच्या छपाईचे काही साहित्यही थॉम्पसनच्याच पाठीवरून आल्याचे सांगतात. पुढे याच पत्रात मार्क ट्वेनने उमेदवारी केली.

११/ डिसेंबर १८५६ चा प्रसंग या वाटेचे मोल सांगतो. नाताळाच्या सुमारास लेक व्हॅलीतील एका झोपडीत थॉम्पसनला जेम्स सिसन हा व्यापारी आढळला. त्याची पावले हिमाने गोठून गेली होती आणि तो कित्येक दिवस तेथे एकटाच पडून होता. थॉम्पसन जेनोआला गेला, माणसे जमवली, त्यांना स्की घालून आणले आणि घसरगाडीवरून सिसनला खाली नेले.

१२/ वैद्याचे मत पडले, पावले कापावी लागतील. पण गुंगीचे औषध, क्लोरोफॉर्म, जेनोआत नव्हते. थॉम्पसन पुन्हा पर्वत ओलांडून पश्चिमेस गेला आणि औषध घेऊन परतला. सिसन वाचला. बंद घाट म्हणजे केवळ पत्रांना उशीर नव्हे. तेथे माणसाचा जीव टांगणीला लागे.

१३/ आता वेतनाची गोष्ट. टपाल वाहण्याचे अधिकृत ठेके ठेकेदारांच्या नावे असत. थॉम्पसनने सेवा दिली ती आश्वासनांवर विसंबून. सरकारशी स्वतःच्या नावे केलेला लेखी करार त्याच्यापाशी नव्हता. टपाल पोहोचत राहिले आणि देणे थकत गेले.

१४/ १८६९ मध्ये नेवाडाच्या विधिमंडळाने त्याची बाजू घेतली; मागणी होती ६,००० डॉलरची. ती धसास लावण्यासाठी १८७२ साली तो स्वतः राजधानी वॉशिंग्टनकडे निघाला. त्याची आगगाडी वायोमिंगमध्ये हिमात रुतली, तेव्हा तो उतरून पायीच पुढे गेला. राजधानीत सहानुभूती मिळाली, पैसे मिळाले नाहीत.

१५/ दरम्यान काळ पालटला होता. १८६९ च्या मे महिन्यात खंडपार लोहमार्ग पूर्ण झाला आणि डोनर तांडा जेथे अडकला होता, त्याच खिंडीतून गाड्या धावू लागल्या. टपालाला स्कीवाल्याची पूर्वीसारखी गरज उरली नाही. ज्याची गरज सरते, त्याची थकबाकी चुकती करण्याची निकडही सरते.

१६/ १५ मे १८७६ रोजी, वयाच्या ४९ व्या वर्षी थॉम्पसन वारला. जेनोआतील त्याच्या समाधीशिलेवर स्कीची जोडी कोरलेली आहे. पुढे त्याचे पुतळेही उभे राहिले. टेलेमार्कच्या शेतकऱ्यांची विद्या एका नव्या राज्याच्या कामी आली. पण ती जाणणाऱ्या माणसाचा हक्क कोणत्याही कागदावर लिहिला गेला नव्हता. समाधीवर स्की कोरल्या गेल्या, तरी ते ६,००० डॉलर अखेरपर्यंत येणेच राहिले.