डॅशबोर्ड आणि दारांची पॅनल : घरच्या घरी नवे आवरण

मोटारीचा डॅशबोर्ड आणि दारांची आतली पॅनल यांवरचे फाटलेले, भेगाळलेले किंवा चिकट झालेले आवरण काढून त्या जागी नवे रेक्झिन, चामडे किंवा कापड चढवण्याचे काम. एरवी ते कुशनवाल्याकडे जाते. लागणारी हत्यारे मोजकी आणि स्वस्त असल्याने ते घरीही करता येते. दोन्ही कामांची नावे नेहमी एका दमात घेतली जातात, पण त्यांची अवघडता सारखी नाही. दाराचे पॅनल सुटीच्या दोन दिवसांत जेवणाच्या टेबलावर होते. डॅशबोर्ड कितीतरी पटींनी किचकट, आणि एअरबॅग असलेल्या गाडीत त्याचा एक भाग घरी हात लावण्याजोगा नाहीच.

आवरण बिघडते ते मुख्यतः उन्हाने. अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या टेंपी येथे झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोटारी तासभर उन्हात उभ्या केल्या होत्या. आतली हवा सरासरी ४७ अंश सेल्सिअसला पोहोचली, डॅशबोर्ड मात्र ६९ अंशांवर गेला. सावलीतल्या गाड्यांत तो ४८ अंशांच्या आसपास राहिला. विदर्भातला मे महिना अनुभवलेल्यांना हे आकडे फुगवलेले वाटणार नाहीत. डॅशबोर्डची कातडी बहुधा पीव्हीसीची असते. पीव्हीसी मुळात कडक. त्याला मऊपणा येतो तो त्यात मिसळलेल्या तेलकट प्लॅस्टिसायझरमुळे. उष्णतेने ते हळूहळू उडून जाते. समोरच्या काचेवर आतून साचणारा, पुसला तरी पुन्हा येणारा धुरकट थर पुष्कळदा त्याचाच असतो. प्लॅस्टिसायझर गेले की कातडी आकसते, ताठरते आणि तडकते. कोकणात आणि गोव्यात उन्हाच्या जोडीला दमट हवा येते. पॉलिएस्टर जातीचे पॉलियुरेथेन बाष्पाने कुजते, म्हणून स्वस्त ‘पीयू लेदर’चे काही वर्षांत पापुद्रे निघू लागतात.

डॅशबोर्डला गादी असावी, ही कल्पना फार जुनी नाही. १९५० च्या दशकापर्यंत बहुतेक गाड्यांचा डॅशबोर्ड रंगवलेल्या पत्र्याचाच असे. फोर्डने १९५६ च्या मॉडेलांसाठी अमेरिकेत ‘लाइफगार्ड’ नावाने सुरक्षेचे साहित्य आणले, त्यात सीटबेल्टबरोबर डॅशबोर्डची गादीही होती. राल्फ नेडर यांच्या १९६५ च्या ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ या पुस्तकात ‘दुसऱ्या टकरी’वर स्वतंत्र प्रकरण आहे : पहिली टक्कर गाडीची, दुसरी गाडीतल्या माणसाची, गाडीच्याच आतल्या भागांशी. गादी आली ती या दुसऱ्या टकरीसाठी, शोभेसाठी नव्हे. त्यामुळे जुना फोम खरवडून थेट कडक प्लास्टिकवर रेक्झिन चिकटवणे हे काम सोपे करणारे असले तरी चुकीचे आहे. फोम काढला तर तेवढ्याच जाडीचा आणि घनतेचा फोम परत बसवायला हवा.

साहित्यात पहिली निवड आवरणाची. आज ‘रेक्झिन’ म्हणून दुकानात मिळते ते कापडावर पीव्हीसीचा थर दिलेले असते. मूळचे रेक्झिन मँचेस्टरजवळच्या हाइड गावी नायट्रोसेल्युलोजचा लेप देऊन बनत असे. ताग्याची रुंदी साधारण ५४ इंच, म्हणजे १३७ सेंटिमीटर. खरेदी करताना दर्शनी पोतापेक्षा मागची बाजू पाहावी. मागे बनियनसारखे विणीचे कापड असेल तर रेक्झिन चारही दिशांना ताणते आणि वळणावर बसते. मागे साधे उभे-आडवे कापड असेल तर ते सपाट पॅनललाच ठीक. खरे चामडे टिकाऊ, पण त्याची जाडी सगळीकडे सारखी नसते आणि कडा दुमडण्याआधी ती मागून छिलून पातळ करावी लागते. अल्कांतारा या नावाने प्रसिद्ध असलेले मखमली कृत्रिम कापड १९७० मध्ये जपानच्या तोरे कंपनीतील मियोशी ओकामोतो यांनी शोधले. त्याला चकाकी नसते, म्हणून डॅशबोर्डच्या माथ्यावर ते उत्तम. जिथे सारखा हात लागतो तिथे मात्र ते लवकर मळते. मुंबईत कुर्ला-कलिना भागातला सीएसटी रोड गाड्यांच्या सजावटीच्या दुकानांसाठी ओळखला जातो. तिथे हे सगळे प्रकार हाताळून पाहता येतात.

शिकायला सर्वांत सोपे पॅनल जुन्या भारतीय गाड्यांचे. कुर्ल्याच्याच प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या पद्मिनीत दाराचे पॅनल म्हणजे सपाट बोर्ड, वर पातळ गादी आणि रेक्झिन. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनींचे सीट आणि दारे त्यामुळेच वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा मढवली गेली. २०१५ च्या सुमारास ‘टॅक्सी फॅब्रिक’ या उपक्रमात तरुण चित्रकार-डिझायनरांनी टॅक्सींच्या आतल्या भागासाठी खास कापडे रेखाटली, आणि हे साधे कुशनकाम एकदम देशाबाहेरही पाहिले गेले. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर पद्मिनी टॅक्सी उरली नाही. खासगी मालकांनी जपलेल्या गाड्यांवर हे काम अजून चालते.

मारुती ८०० सारख्या गाडीत पहिली अडचण येते ती काच वरखाली करायच्या हँडलची. त्याला बाहेरून स्क्रू दिसत नाही. हँडलच्या मागे घोड्याच्या नालेच्या आकाराची तारेची क्लिप असते. हँडल आणि पॅनल यांच्या फटीत जुन्या सुती कापडाची पट्टी घालून ती दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे ओढत राहिले, की कापडाचा धागा क्लिपच्या टोकात अडकतो आणि ती टणकन उडते. दुसऱ्या हाताने वरून फडके धरलेले बरे, नाहीतर क्लिप सीटखाली जाते. मग हातटेकणीचे स्क्रू, आतल्या खटक्याची चौकट, आणि शेवटी पॅनलच्या कडेने बसवलेली प्लास्टिकची लॉक. ती उचकटायला लोखंडी स्क्रूड्रायव्हर वापरला तर रंगावर ओरखडा पडतो आणि बोर्डचे भोक फाटते. प्लास्टिकची पट्टी लॉकच्या अगदी जवळ सरकवून उचलावे. चारदोन लॉक तुटतातच, म्हणून नवी आधीच आणून ठेवावीत.

पॅनलमागे दाराच्या पत्र्यावर पॉलिथिनचा एक कागद चिकटवलेला असतो. पुष्कळ ठिकाणी तो निरुपयोगी समजून फेकून देतात. वास्तविक पावसाचे पाणी काचेवरून दाराच्या आत उतरतेच आणि तळाच्या भोकांतून बाहेर जाते. तो कागद ते पाणी पॅनलपर्यंत येऊ देत नाही. कागद गेला की पहिल्या पावसाळ्यात बोर्ड खालून फुगतो आणि नवे रेक्झिन सुरकुतते. आजच्या काही गाड्यांत तर बाजूच्या धडकेची जाणीव दारातल्या हवेच्या दाबावरून होते. तिथे हा पडदा नीट बंद असणे हा सुरक्षेचाच भाग आहे. फाटला असेल तर जाड पॉलिथिन कापून ब्युटाइल टेपने कडेकडेने बसवावे. दार उघडेच आहे म्हणून आवाज कमी करणारे पत्रे आत चिकटवायचे असतील, तर तळाची भोके बुजू देऊ नयेत.

जुने आवरण कधीही फाडून काढू नये. शिवण असेल तर उसवावी, नसेल तर हीट गनने ऊब देत अख्खे सोलावे, कारण तोच नव्याचा फर्मा असतो. मात्र जुने आवरण ताणलेले किंवा आकसलेले असते, म्हणून फर्मा कागदावर उतरवून पॅनलवर ताडून पाहावा लागतो. दुमडण्यासाठी सगळीकडून दीड-दोन सेंटिमीटर माया ठेवावी. वळणावर थोडी जास्त. दुहेरी टीप हवी असेल तर घरच्या साध्या मशीनवर चामड्याची सुई आणि जाड पॉलिएस्टर दोरा चालतो, पण चार थर एकत्र आले की मशीन अडते. तिथे हाताने चाक फिरवून टाके घालावेत.

सगळ्या कामाचे यश चिकटवण्यावर ठरते. यात लाकडासाठीचा पांढरा फेविकॉल उपयोगाचा नाही. रबरी कॉन्टॅक्ट सोल्युशन लागते, तेही उष्णता सोसणारे. साधे सोल्युशन ६०-७० अंशांना नरम पडू लागते आणि ताणलेले रेक्झिन कडेने सुटते. त्याआधी पृष्ठभाग साफ हवा. डॅशबोर्डवर वर्षानुवर्षे मारलेल्या सिलिकॉनच्या पॉलिशवर कोणतेही सोल्युशन धरत नाही. साबणाचे पाणी, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग बारीक पॉलिशपेपर, असा क्रम असावा. पॅनलच्या मागे ‘पीपी’ असा ठसा असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन. त्याला घासूनही पकड येत नाही. आधी खास प्रायमर मारावा लागतो. नवख्यांची बहुतेक कामे सुटतात ती याच ठशाकडे न पाहिल्याने.

सोल्युशन दोन्ही बाजूंना पातळ लावून दहा-पंधरा मिनिटे थांबायचे असते, बोटाला चिकटेनासे होईपर्यंत. एकदा टेकवले की सरकवता येत नाही. भर पावसाळ्यात विद्रावक उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर हवेतली वाफ धरते आणि थर पांढुरका पडतो. तसा थर दिसला तर वर आवरण चढवू नये. तो सुकू द्यावा आणि पुन्हा हात द्यावा. बंद खोलीत हे काम करू नये. टोल्यूइनसारख्या विद्रावकांची वाफ डोके गरगरवते आणि ठिणगीने पेट घेते, म्हणून हीट गन आणि उघडा डबा कधीच शेजारी नसावेत.

चढवण्याचा क्रम अनेकांच्या सहज सवयीच्या उलटा आहे. एका कडेला चिकटवून दुसरीकडे ओढत नेले, तर मधल्या खोलगट भागावर रेक्झिन अधांतरी राहते आणि उन्हाने तिथे फुगा येतो. सुरुवात सर्वांत खोल खळग्यापासून करावी : आधी तो बोटांनी दाबून भरायचा, मग तिथून बाहेरच्या कडांकडे जायचे. हीट गन वीतभर अंतरावर आणि सतत हलती हवी. एका जागी धरली तर रेक्झिनवरचा पोत सपाट होऊन चकाकू लागतो, आणि त्याहून तापले तर पीव्हीसी करपून झणझणीत, अपायकारक धूर निघतो. फारच खोल जागा असेल तर ताणण्याचा हट्ट न धरता तिथे शिवण घ्यावी. कारखान्यातल्या कित्येक शिवणी याच गरजेतून आलेल्या असतात. बाहेरच्या गोलाईवर मायेला त्रिकोणी कातरे द्यावेत, आतल्या गोलाईवर सरळ, पण कातर दर्शनी कडेच्या दोन-तीन मिलिमीटर आधी थांबली पाहिजे.

जाडीचा हिशेब बहुतेकांच्या लक्षात शेवटी येतो. रेक्झिन एक मिलिमीटर जाड धरले तरी दोन शेजारच्या भागांवर चढवल्यावर फट दोन मिलिमीटरने कमी होते. मग ग्लव्हबॉक्सचे झाकण अडकते, एसीची जाळी बसत नाही. नुसते कोरडे आवरण गुंडाळून सगळे भाग एकदा जुळवून पाहावेत आणि लागेल तिथे प्लास्टिकची कड आधीच घासून घ्यावी.

डॅशबोर्डवर याच साऱ्या गोष्टी येतात, शिवाय तो बाहेर काढणे हेच एक स्वतंत्र काम. मीटर, म्युझिक सिस्टिम, एसीचे नियंत्रण आणि कित्येक गाड्यांत स्टिअरिंगही सुटे करावे लागते. प्रत्येक जोडणीचा फोटो आणि प्रत्येक स्क्रूची वेगळी पुडी, एवढी शिस्त नसेल तर सुरुवात करू नये. भेगा पडलेल्या असतील तर फुगलेल्या कडा कापून लवचिक बंपर फिलरने भराव्यात. पत्र्यावर भरतात ती साधी लांबी ऊन-गारव्याच्या ताणाने पुन्हा तडकते आणि ती भेग नव्या आवरणातून दिसते. दुहेरी टेपने बसवलेली गणपतीची मूर्ती ओढून काढली तर कातडीही निघते. ऊब देऊन, खालून मजबूत दोरा करवतीसारखा फिरवून ती सोडवावी.

एअरबॅगच्या बाबतीत मात्र तडजोड नाही. भारतात चालकाची एअरबॅग नव्या मोटारींना १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली आणि त्यानंतर पुढच्या प्रवाशाचीही. प्रवाशाची एअरबॅग डॅशबोर्डच्या आत असते आणि तिच्यावरची कातडी मागून मुद्दाम कमजोर केलेली असते, म्हणजे ठरलेल्या रेषेवर ती फाटेल. पिशवी साधारण ३० ते ५० मिलिसेकंदांत उघडते. त्या रेषेवर जाड रेक्झिन आणि घट्ट टीप आली तर ती उशिरा, वाकडी किंवा झाकणासकट उघडू शकते. कारखान्यात तिथे ठरावीक ताकदीला तुटणारा दोरा वापरतात आणि त्याची चाचणी घेतात. घरी ती सोय नाही. स्टिअरिंगच्या मधल्या झाकणाचेही तसेच. शेजारचे भाग सोडवतानाही आधी बॅटरी काढून काही मिनिटे थांबावे, कारण यंत्रणेत वीज साठलेली असते. तिच्या जोडण्या बहुधा पिवळ्या रंगाने ओळखू येतात. डॅशबोर्ड पूर्ण काढण्यासाठी एअरबॅगच सुटी करावी लागत असेल, तर तेवढे काम अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून करून घ्यावे.

आवरण किती वेगाने जळते, हेही पाहण्याजोगे. अमेरिकेत १९७२ पासून लागू असलेल्या नियमानुसार गाडीतल्या साहित्यावरची ज्योत मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा वेगाने पसरता कामा नये. भारतात यासाठी आयएस १५०६१ हे मानक आहे. सोफ्यासाठीचे रेक्झिन किंवा पडद्याचे कापड या कसोटीवर तपासलेले असेलच असे नाही. दुकानदाराकडे मोटारीसाठीचाच माल मागावा.

रंगाची आवड प्रत्येकाची वेगळी, तरी डॅशबोर्डचा माथा काळा किंवा गडद आणि चकाकी नसलेलाच असावा. बेज किंवा लाल माथ्याचे प्रतिबिंब समोरच्या काचेत पडते आणि कडक उन्हात समोरचा रस्ता फिका दिसतो. फिका रंग हवा असेल तर तो खालच्या अर्ध्या भागाला आणि दारांना द्यावा.

काम झाल्यावर पहिले दोन दिवस गाडी सावलीत ठेवावी, म्हणजे सोल्युशनला पूर्ण पकड येते. उरलेले रेक्झिन घडी न घालता गुंडाळून ठेवावे : एखादा कोपरा पुढे फाटला तर त्याच रंगाचा आणि पोताचा तुकडा बाजारात मिळेलच याची खात्री नसते.