तीन वर्षांची मालकी

कॅफेच्या पाट्यांवर, चहाच्या डब्यांवर ‘जुना काळ’ दाखवायचा असला की जाड, ठोसर रोमन अक्षरे हमखास येतात. टोकांना विटेसारख्या आडव्या पट्ट्या असलेल्या या घराण्याला स्लॅब सेरिफ म्हणतात. आज ती निवांत वाटतात. जन्मली मात्र बाजाराच्या गलबल्यात.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या भिंतींवर नाटके, लॉटरी, औषधे यांच्या जाहिरातींची गर्दी झाली. पुस्तकासाठी ओतलेले नाजूक खिळे तिथे दुरून दिसेनात. व्हिन्सेंट फिगिन्सने १८१७च्या सुमारास ‘अँटिक’ नावाने पहिले स्लॅब सेरिफ बाजारात आणले. १८२०मध्ये रॉबर्ट थॉर्न वारला. त्याची ओतशाळा विल्यम थॉरोगुडने घेतली, तीही लॉटरीत मिळालेल्या पैशांतून, असे मुद्रणाचे इतिहासकार सांगतात. पुढच्याच वर्षी तिथून ‘इजिप्शियन’ विक्रीस आले. नेपोलियनच्या १७९८च्या मोहिमेनंतर इजिप्तचे वेड पसरले होते. या वळणाचा त्या देशाशी एवढाच संबंध.

खरी कलाटणी १८४५मध्ये मिळाली. त्याच ओतशाळेत रॉबर्ट बेझलीच्या देखरेखीखाली बेंजामिन फॉक्सने ‘क्लॅरेन्डन’चे पोलादी ठसे कोरले. पट्टी आणि दांडा यांच्या सांध्याला बाक दिला, रेषेत जाड-बारीक फरक ठेवला. त्यामुळे ते मजकुराच्या ओळीत, साध्या खिळ्यांच्या शेजारी नीट बसू लागले. एखादा शब्द ठळक उठवायचा असला की मुद्रकांना ते सोयीचे झाले.

बेझलीने १८४२च्या कायद्याखाली त्याची नोंदणी केली. हाच कायदा कापडावरच्या नक्षीला आणि चिनी मातीच्या भांड्यांनाही लागू होता. संरक्षण मिळाले तीन वर्षांचे. ठसेकाराला प्रत्येक अक्षर, प्रत्येक आकारात, वेगळे कोरावे लागे. नक्कल करणाऱ्याला मात्र विकत घेतलेल्या खिळ्यावर विजेने तांब्याचा लेप चढवून साचा बनवता येई. मुदत सरताच इतर ओतशाळांची ‘क्लॅरेन्डन’ बाजारात आली.

अमेरिकेत हे वळण लाकडात उतरले. फूटभर उंचीचा शिशाचा खिळा जड आणि महाग. डॅरियस वेल्सने १८२७मध्ये न्यूयॉर्कला यंत्राने लाकडी अक्षरे कोरण्याची सोय केली होती. तिथल्या ‘फ्रेंच क्लॅरेन्डन’मध्ये पट्ट्या दांड्यांहून जाड झाल्या आणि सर्कशीच्या भित्तिपत्रकांवर मिरवल्या. काउबॉयपटांतील अक्षरे ती हीच. अमेरिकी राष्ट्रीय उद्यानांच्या फलकांवरही क्लॅरेन्डन कित्येक वर्षे नांदले.

माझ्या मते हा प्रसार नकलेमुळेच झाला; मालकी पन्नास वर्षांची असती, तर हे वळण एका ओतशाळेपुरते उरले असते. पण त्याची किंमत कोणी मोजली, हेही पाहावे. बेझली पुढे लंडनचा लॉर्ड मेयर झाला. ‘क्लॅरेन्डन’ हा शब्द मुद्रकांच्या बोलीत ठळक खिळ्यासाठी सामान्यनाम बनला. ज्याच्या हाताने ते पोलाद कोरले, त्या फॉक्सचे नाव मात्र अभ्यासकांपलीकडे फारसे कोणी घेत नाही.