मुकं यंत्र, बोलकं यंत्र

यंत्राने आजाऱ्याकडून व्यायाम करून घ्यायचा, ही कल्पना संगणकाच्या कितीतरी आधीची आहे, मंडळी. स्वीडनच्या डॉ. गुस्ताव्ह झांडर यांनी १८६५ साली स्टॉकहोमला त्यासाठी संस्थाच काढली. तरफा, वजनं लावलेली यंत्रं! काही तर स्वतःच रोग्याला हलवीत.

आपल्याकडे ही विद्या पोलिओच्या मागोमाग रुजली. १९५२च्या मुंबईतल्या साथीनंतर १९५३मध्ये केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीची शाळा निघाली आणि १९५५मध्ये हाजीअलीची पुनर्वसन संस्था. खांद्याचं चाक, दोरी-कप्पी, भिंतीवरची बोटांनी चढायची शिडी... उत्तम साधनं, पण मुकी. हात किती उचलला ते रोग्यानेच मोजायचं. चौतीस वर्षं मास्तरकी केल्यामुळे सांगतो, वही तपासणारं कोणी नसेल तर गृहपाठ चार दिवसांत बंद पडतो.

२००६च्या अखेरीस निन्टेंडोचा ‘वी’ आला. हातातली दांडी हलवली की पडद्यावरची रॅकेट हलते. २०१०मध्ये मायक्रोसॉफ्टच्या ‘किनेक्ट’ने दांडीही काढून टाकली, कॅमेराच हातपाय ओळखू लागला. खेळणी पोरांची, पण फिजिओथेरपिस्टांनी ती बरोब्बर उचलली. यंत्र रोग्याला उत्तर देऊ लागलं! पुढे वीचं उत्पादन २०१३मध्ये थांबलं, किनेक्टचं २०१७मध्ये. खेळण्यांच्या बाजाराला आजाऱ्यांचं काय?

गुण किती येतो? २०१७च्या कॉक्रेन आढाव्यात अर्धांगवायूच्या ७२ चाचण्या, २४७० रुग्ण होते. नेहमीच्या व्यायामाऐवजी पडद्यावरचा खेळ दिला, तर हाताला विशेष जादा फायदा दिसला नाही. नेहमीच्या व्यायामात भर म्हणून दिला, तेव्हा मात्र दिसला. थोडक्यात, आमच्या दहावीच्या पोरांना लागायचा तो जादा तास.

तो मिळायचा कुठे, इथे गाडं अडतं. आमच्या अक्काचा उजवा हात गेला तेव्हा शहरात दहा दिवस व्यायाम झाला. मिरजगावला माझ्याकडे आणली तेव्हा सोबत फक्त एक कागद, त्यावर सहा चित्रं. रोज नगरला (आता अहिल्यानगर, पण जिभेला सवय नाही) न्यायचं तर गाडीभाडं, शिवाय सोबतच्या माणसाचा रोज बुडतो. शेवटी तिच्या पुण्याच्या नातीनेच संध्याकाळी व्हिडिओ कॉल सुरू केला. “आजी, दहा झाले. अकरावा?” अक्का कुरकुरते आणि हात उचलते. कागदासाठी ती कधी तिसऱ्याच्या पुढे गेली नव्हती.

परवा हात कपाळापर्यंत पोचला. वेणी अजून माझी सूनच घालते.