चांदीचं भांडं ओळखताना

तत्त्वज्ञानाचा माणूस भांड्यांवर काय बोलणार, असा प्रश्न काहींच्या चेहऱ्यावर दिसतोय. पण आपल्या दर्शनांमध्ये भ्रमाचं जे नेहमीचं उदाहरण आहे, ते चांदीचंच आहे: शुक्तिरजत. शिंपला चमकतो आणि माणूस म्हणतो, ‘ही चांदी’. या एका चुकीवर नैयायिक, मीमांसक आणि वेदान्ती शतकानुशतकं वाद घालत आले. माझी चूक उलटी होती. चांदी हातात होती, पण ती वस्तू काय आहे हेच मला कळलं नाही.

महालातल्या आमच्या जुन्या घरात दोन सारखी भांडी होती. तळहाताएवढी, उथळ, एका बाजूला लांब चोच. मी ठरवून टाकलं, हे दिवे आहेत. घराची डागडुजी निघाली तेव्हा त्यातलं एक इतवारीत नेऊन मोडलं. सराफानं वजन केलं, पैसे दिले. त्याचं काही चुकलं नाही. महिन्याभरानं आत्या आली आणि म्हणाली, “माझं बोंडलं कुठंय रे?”

बोंडलं म्हणजे तान्ह्या बाळाला दूध पाजायचं भांडं. अठराव्या शतकात इंग्लंडमध्येही बाळाला पेज भरवायला होडीच्या आकाराची चांदीची भांडी असत. गरज तीच, म्हणून आकारही जवळचा.

आता ओळखायचं कसं? न्यायदर्शनानं चार प्रमाणं सांगितली आहेत, ती इथं चालतात.

पहिलं प्रत्यक्ष. भांडं उलटं करा. इंग्लंडच्या चांदीवर चालता सिंह असेल तर ती 92.5 टक्के शुद्ध. नांगराचं चिन्ह म्हणजे बर्मिंगहॅम. ‘ई.पी.एन.एस.’ ही अक्षरं असतील तर वर फक्त चांदीचा मुलामा. आपल्याकडे चांदीला सरकारी हॉलमार्क 2005 मध्ये आला, त्यामुळे जुन्या भांड्यावर छाप नाही म्हणून ते खोटं ठरत नाही. घालून घेतलेलं नाव मात्र जरूर शोधा.

दुसरं अनुमान. भांडं 105 ग्रॅम भरलं आणि दोऱ्यानं पाण्यात लोंबकळत ठेवून तोलल्यावर 95 भरलं, तर घटलेल्या 10 नं 105 ला भागा. उत्तर साडेदहा. शुद्ध चांदीचं 10.49 येतं. जर्मन सिल्व्हरचं, ज्यात नावापुरतीही चांदी नसते, पावणेनऊच्या आसपास येतं. पोकळ, बंद भांड्याला ही युक्ती लावू नका.

तिसरं उपमान, म्हणजे सारखेपणावरून ओळख. दिव्याच्या चोचीला काजळी आणि आचेचा डाग असतो. माझ्या भांड्याची चोच स्वच्छ होती, काठ गोल वळवलेला, बाळाचा ओठ कापू नये म्हणून. हे मला मोडीनंतर दिसलं!

चौथं शब्द, म्हणजे जाणत्या माणसाचं सांगणं. तेच मी विचारलं नव्हतं.

नागपूरकरांना ही गोष्ट नवी नाही. 11 डिसेंबर 1853 रोजी तिसरे रघुजी भोसले वारले आणि 1854 मध्ये डलहौसीनं राज्य खालसा केलं. बांकाबाईंचा विरोध न जुमानता राजवाड्यातले हत्ती-घोडे सीताबर्डीवर विकले गेले. जडजवाहीर कलकत्त्यात हॅमिल्टन कंपनीमार्फत लिलावात गेलं. लिलावात वस्तूला किंमत मिळते. ती कोणाची, कशासाठी होती, हे मागं राहतं. 2025 मध्ये राज्य सरकारनं लंडनच्या लिलावातून पहिल्या रघुजींची तलवार परत आणली. तिच्यावर देवनागरीत नाव होतं, म्हणून तिची ओळख टिकली. घराघरांतल्या तस्तांवर, चुनाळांवर, बोंडल्यांवर कोण इतिहास कोरून ठेवणार?

म्हणून एवढंच करा. आज घरी गेल्यावर एक जुनं भांडं काढा आणि घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाला विचारा, हे काय, कोणाचं, कुठून आलं. सांगतील ते लिहून भांड्यातच ठेवा. आत्या आता नाही. तिनं सांगितलेलं मी चिठ्ठीवर लिहून उरलेल्या बोंडल्यात ठेवलंय. दुसऱ्याची चिठ्ठी आहे, भांडं नाही.

प्रश्न असतील तर विचारा.