सापाच्या लसीचा डोस लहान-मोठ्यांना एकच! मग शिकाऊ नर्स चुकते कुठे?

जुन्नर आणि आंबेगावात भातलावणी सुरू झाली की सर्पदंशाच्या केसेसही वाढतात. नारायणगाव किंवा घोडेगावचं ग्रामीण रुग्णालय असो, की मंचरचं उपजिल्हा रुग्णालय, असा रुग्ण आला की धावपळ उडते. ट्रेनिंगला आलेली नर्सिंगची विद्यार्थिनी त्या वेळी वॉर्डात असेल, तर चूक नेमकी कुठे होऊ शकते?

आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर चालते. सुरुवातीला साधारण १० व्हायल देतात. मुलांचा डोस वजनावर ठरतो, हे वर्गात घोटून घेतलेलं असतं. त्यामुळे लहान मूल दिसलं की कमी व्हायल काढायचा मोह होतो. पण साप समोरच्याचं वजन बघून विष सोडत नाही आणि लस त्या विषावर काम करते. म्हणून मुलालाही १० व्हायलच. फक्त ज्या सलाईनमधून ती द्यायची, ते वजनानुसार कमी लागतं.

खरी गफलत पुढे आहे. लसीची रिअॅक्शन येऊ शकते, म्हणून अॅड्रेनलिन शेजारी तयार ठेवतात आणि त्याच मुलासाठी त्याचा डोस मात्र वजनावर असतो: किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, मांडीच्या स्नायूत. १५ किलोच्या मुलाला ०.१५ मिलिग्रॅम. १ मिलीच्या अँप्युलमध्ये १ मिलिग्रॅम औषध असतं, म्हणजे भरायचं ०.१५ मिली. दशांश चिन्ह एक घर सरकलं की झाले १.५ मिली! मोठ्या माणसालाही एका वेळी ०.५ मिलीच देतात. त्यामुळे मुलाच्या एका डोससाठी दुसरी अँप्युल फोडावी लागत असेल, तर हात तिथेच थांबला पाहिजे.

उपाय साधे आहेत. दशांशाआधी शून्य लिहायचं, भरलेल्या सिरिंजवर लगेच लेबल लावायचं. तोंडी ऑर्डर मोठ्याने परत म्हणून दाखवायची, हिशोब सिस्टरने स्वतंत्रपणे करायचा. विद्यार्थिनीने एकटीने इंजेक्शन द्यायचंच नाही. अडचण वेगळीच असते: घाईत ‘सिस्टर, एकदा बघता का?’ विचारलं तर ओरडा बसेल, ही भीती. माझ्या मते अर्धा प्रश्न इथेच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने औषधांच्या चुकांमुळे होणारी गंभीर हानी निम्म्यावर आणण्याची मोहीम २०१७ मध्ये सुरू केली, त्यातही रुग्ण आणि नातेवाईकांना सहभागी धरलंय. तुम्ही मुलाला घेऊन गेलात, तर त्याचं वजन आणि आधीची अॅलर्जी न विचारता सांगा. आणि सिस्टर औषध भरत असताना त्यांना प्रश्न विचारू नका.