चिपशी थेट बोलणारा ‘बस पायरेट’

नवी चिप हाती आली, की पूर्वी ती तपासायला आधी मायक्रोकंट्रोलरसाठी प्रोग्राम लिहावा लागे. उत्तर आलं नाही, तर दोष चिपचा, जोडणीचा की प्रोग्रामचा?

अडचण जुनी होती. फिलिप्सने १९८२मध्ये चिपशी संवाद साधायची दोन तारांची आयटूसी पद्धत आणली, मोटोरोलाची एसपीआयही रुळली. पण साध्या संगणकाला या तारा थेट जोडायची सोय नव्हती. २००८मध्ये इयन लेस्नेट यांनी ‘बस पायरेट’ जगापुढे मांडला आणि ही कोंडी फोडली.

पिक मायक्रोकंट्रोलरवर चालणारा हा छोटासा बोर्ड. पुढे त्याला यूएसबी आलं. टर्मिनल उघडून ‘एम’ टाइप केलं की पद्धतींची यादी येते. कॅपिटल ‘डब्ल्यू’ दिलं की चिपला वीज मिळते. चौकोनी कंस उघडला की संवाद सुरू, मिटला की संपला. मधल्या आकड्यांना चिपने दिलेलं उत्तर लगेच पडद्यावर! प्रोग्रामची एक ओळही लिहायची नाही.

वेग बेताचाच, पण आराखडा खुला ठेवण्याचा लेस्नेट यांचा निर्णय फार मोलाचा. कुणीही बोर्ड बनवावा, सुधारावा, विकावा. पाचव्या आवृत्तीत पिकऐवजी रास्पबेरी पायची आरपी२०४० चिप आणि छोटा रंगीत पडदा आहे.